थंडीतली बाग: तुमच्याकडे काय फुललंय, काय गारठलंय?

गोदाकाठ (नाशिक) | ५ जानेवारी, सकाळी ८:१०

मंडळी, नाशिकला यंदा थंडीने चांगलाच जोर धरलाय. आज सकाळी अंगणातल्या थर्मामीटरवर ७ होते, निफाडला त्याहूनही खाली गेलं असणार, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा उद्याच्या पेपरात येईलच. पण बागेसाठी मला वर्षातला हाच महिना सगळ्यात जास्त आवडतो, म्हणून धागा काढतेय. आपापल्या बागेत आत्ता काय चाललंय ते लिहा, फोटो टाका, अडलेलं विचारा.

माझ्यापासून सुरुवात. कुंपणालगत कॅलेंड्युला आणि फ्लॉक्स भरभरून फुललेत, पिटुनियाच्या कुंड्या ओसंडून वाहतायत, पॅन्झीला तर ही हवा इतकी मानवलीय की पानं दिसेनाशी झालीत. वाफ्यात नवलकोल, फ्लॉवर, वाटाणा, मेथी आणि गाजर. काल गाजर उपटून, धुऊन तसंच खाल्लं, डिसेंबरच्या सुरुवातीला काढलेल्यापेक्षा चांगलंच गोड लागलं. थंडी वाढली की गाजर, कोबी, पालक यांच्यात स्टार्चची साखर होते, साखर असली की पेशीतलं पाणी सहजी गोठत नाही. त्यांचा जीव वाचतो आणि आपल्याला गोड खायला मिळतं.

दुसरी बाजूही आहे. कढीपत्ता पिवळा पडून पानं गाळतोय, मोगऱ्याच्या नुसत्या काड्या उरल्यात आणि तुळस काळवंडलीय. मी रोज ऊन उतरायच्या आत तुळस, मिरच्या आणि पपईची रोपं जुन्या सुती साड्यांनी झाकते, सकाळी ऊन आलं की काढते. तुम्ही काय करता?

गच्चीवाली (पुणे) | ५ जानेवारी, सकाळी ९:३५

किती छान धागा! माझी सगळी बाग गच्चीवर, पालापाचोळा, स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि अगदी थोडी माती एवढ्यावर चाललेली. थंडीत ढीग कुजायचा वेग मंदावतो, म्हणून दिवाळीच्या आधीच पिशव्या भरून ठेवते. आत्ता पालक, चाकवत, मुळा, लेट्यूस, पातीचा कांदा आणि एका जुन्या बाथटबमध्ये हरभरा आहे. हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडले की त्याला आणखी फांद्या फुटतात आणि खुडलेल्याची भाजी होते. सकाळी दव पडलेल्या हरभऱ्याला हात लावून बघा, बोटं आंबट लागतात.

एक अडचण विचारायचीय. माझ्याकडे पिवळ्या शेवंतीच्या दहाबारा कुंड्या आहेत, एकाच झाडाच्या मुनव्यांपासून (बुंध्याशी फुटणाऱ्या कोंबांपासून) केलेल्या, खत पाणी सगळं सारखं. पाण्याच्या टाकीमागच्या कुंड्या नोव्हेंबरअखेर फुलून आल्या आणि रस्त्याच्या कठड्यावरच्या कुंड्यांना अजून धड कळीसुद्धा नाही, नुसता हिरवागार पाला वाढतोय. ऊन तर कठड्यावर जास्तच येतं. काय कमी पडतंय?

समुद्रपक्षी (मुंबई, दादर) | ५ जानेवारी, सकाळी १०:०२

आमच्याकडे १८ ला आलं की लोक स्वेटर काढतात, त्यामुळे गारठण्याचा प्रश्नच नाही. गॅलरीत कोथिंबीर मात्र आत्ताच सगळ्यात सुंदर येते, एप्रिलमध्ये तीच कोथिंबीर हातभर व्हायच्या आत फुलावर येते. चेरी टोमॅटोला घोस लागलेत. फोटो टाकते.

हिरवेकाका (सातारा) | ५ जानेवारी, दुपारी १२:२०

गच्चीवाली ताई, तुमच्या कठड्याजवळ रस्त्यावरचा दिवा आहे का बघा, माझी खात्री आहे की असणार. शेवंती रात्र मोठी झाली की कळ्या धरते. सप्टेंबरनंतर रात्र वाढत जाते तो तिला इशारा असतो आणि ती रात्र सलग काळोखी लागते. मध्येच उजेड पडत राहिला तर झाडाला वाटतं दिवस अजून मोठेच आहेत, मग ते पाला वाढवत बसतं. पॉइनसेटियाची लाल पानं येत नाहीत तेही याच कारणाने. व्यापारी शेतीत तर याचा उलटा उपयोग करतात, रात्री दिवे लावून फुलं पुढे ढकलतात आणि हव्या त्या हंगामात आणतात.

उपाय सोपा आहे, त्या कुंड्या टाकीमागे सरकवा. आत्ता जानेवारीतही रात्र पुरेशी मोठी आहे, उशिरा का होईना कळ्या येतील. पुढच्या वर्षी गणपती झाले की लगेच हलवा.

गोदाकाठ ताई, तुळशीच्या खोडाला नखाने हलकं खरवडून बघा. साल निघून आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे, तपकिरी आणि कोरडं असेल तर तेवढी फांदी गेली. खाली खाली खरवडत जा, कुठेतरी हिरवं लागतंच. मंजिऱ्या सगळ्या काढून टाका, बी धरण्यात तिची ताकद जाते. छाटणी मात्र आत्ता करू नका, होळीच्या सुमारास करा. आत्ता छाटली तर फुटणारं कोवळं पान पुढच्या थंडीच्या लाटेत करपेल.

आणि कढीपत्ता, मोगरा, अडेनियम हे झोपलेत, आजारी नाहीत. लोक पान पिवळं दिसलं की खत घालतात, पाणी वाढवतात, तिथेच मुळं सडतात. अडेनियमला तर आत्ता पाणी जवळजवळ बंदच ठेवा.

द्राक्षवाला (दिंडोरी) | ५ जानेवारी, रात्री ९:४५

बागेचा धागा आहे म्हणून आमची पण द्राक्षाची बाग सांगतो, फक्त ती थोडी मोठी आहे.

ऑक्टोबर छाटणीची बाग आत्ता मण्यात पाणी उतरायच्या टप्प्याला आहे. थंडी ७-८ च्या खाली गेली की वेलीची मुळं आणि पानं काम कमी करतात, फुगवण थांबते. पांढऱ्या जातीत दुसरा त्रास म्हणजे पिंक बेरी. दिवसा कडक ऊन, रात्री कडाका, असा फरक वाढला की हिरव्या मण्यावर गुलाबी छटा चढते आणि एक्स्पोर्टला तो माल चालत नाही. त्यासाठी मणी मऊ व्हायच्या आत घड पेपरमध्ये गुंडाळतो. आता विचार करा एका एकरात किती घड असतात ते, घरचे, मजूर बायका, सगळे दिवसचे दिवस तेच काम करतात, जुन्या पेपरच्या रद्दीला या दिवसात तालुक्यात भाव येतो.

रात्री पारा फारच उतरला तर पहाटे ड्रिप चालू करतो. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, त्याने बागेतली थंडी थोडी मोडते. आणि बांधावर शेकोट्या, धूर करतो. तीन साडेतीनला उठावं लागतं, पण मोठा माल डोळ्यासमोर तडकलेला बघण्यापेक्षा ते परवडतं.

हिरवेकाका (सातारा) | ६ जानेवारी, सकाळी ७:१५

द्राक्षवाला दादा, मेहनतीला नमस्कार. फक्त धुराबद्दल थोडं वेगळं मत मांडतो. धुराने झाकून उष्णता अडत नाही, ती धुरातून निघून जाते. शेकोटीचा उपयोग होतो तो तिच्या धगीचा. वारा नसलेल्या निरभ्र रात्री जमिनीची उष्णता आकाशात निघून जाते, जमिनीलगतची हवा सगळ्यात थंड होते आणि वर काही फुटांवर त्याहून उबदार हवा असते. छोट्या छोट्या शेकोट्या जागोजागी असल्या की ही वरखालची हवा ढवळली जाते. म्हणून एक मोठा जाळ करण्यापेक्षा पुष्कळ लहान बरे, आणि ओला पाला टाकून नुसता धूर काढण्यात फार अर्थ नाही.

घरच्या बागेलाही हेच लागू. ढग असले की थंडी कमी वाटते, निरभ्र रात्री धोका जास्त. सगळ्यात कमी तापमान मध्यरात्री नसतं, सूर्य उगवायच्या सुमारास असतं, त्यामुळे झाकण घाईने पहाटेच काढू नका.

द्राक्षवाला (दिंडोरी) | ६ जानेवारी, दुपारी १:३०

काका, मान्य. आमचे वडीलसुद्धा ढीग लहान लहानच लावायचे, कारण आज कळलं. पण धूर दिसला की शेजारचे शेतकरी जागे होतात आणि त्यांच्याही बागेत शेकोट्या पेटतात, तो फायदा धरा.

संत्रानगरी (नागपूर) | ६ जानेवारी, दुपारी ३:१०

नागपूरची थंडी कोणी विचारूच नका. २९ डिसेंबर २०१८ ला इथे ३.५ अंश नोंदवलं गेलं होतं, त्या सकाळी आमच्या अंगणातल्या केळीची पानं उकडून काढल्यागत झाली होती. यंदा तेवढं नाही, पण ८-९ चालू आहे आणि पेरूची पानं लालसर होऊन राहिलीत, काका ते थंडीनेच ना?

आमच्या काटोलकडच्या संत्र्याच्या बागा आत्ता ताणावर आहेत. अंबिया बहारासाठी (उन्हाळ्याआधी येणाऱ्या फुलोऱ्यासाठी) डिसेंबरमध्ये पाणी तोडतात, झाड थोडं सुकतं, थंडी आणि ताण दोन्ही मिळाले की काडीत फूल धरायची तयारी होते, मग जानेवारीत खत देऊन पाणी सोडलं की फेब्रुवारीत सगळी बाग पांढऱ्या फुलांनी भरते. त्या दिवसात मोटरसायकलवरून जाताना रस्त्याने जो वास येतो तो एकदा तरी घ्यायला या सगळ्यांनी.

घरी मात्र माझ्याकडे तूर आहे कुंपणाच्या कडेने. हिरव्या तुरीचे सोले, त्यांची आमटी आणि गरम भात, थंडीत दुसरं काही मागत नाही मी.

वालपापडी (अलिबाग) | ६ जानेवारी, रात्री ८:२०

कोकणाकडून मी. इथे पारा खाली जात नाही फार, पण रात्री दव भरपूर पडतं आणि आमचं हिवाळी पीक त्यावरच उभं राहतं. भात कापून झालं की त्याच शेतात राहिलेल्या ओलीवर वाल टाकतात, नंतर पाणी दिलं जात नाही. सगळी वाढ जमिनीतल्या ओलाव्यावर आणि दवावर. त्याच शेजारी पांढरा कांदा, अलिबागच्या या कांद्याला २०२२ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं. तो काढला की पातीसकट वेण्या घालून टांगतो, पावसाळ्यापर्यंत टिकतो.

वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी! मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, आवडत असेल तर मसाला लावलेलं चिकन आणि अंडी, वरून पुन्हा पाला दाबून तोंड बंद, मडकं उपडं ठेवून चारही बाजूंनी पेंढा आणि काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब घालायचा नाही, शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलाव्यातच सगळं शिजतं. भांबुर्डा रानात आपोआप उगवतो आणि नेमका याच दिवसात असतो. मी परसात मुद्दाम दोनचार झाडं राखते कारण आता मोकळी रानंच कमी झालीत, बंगले होतायत सगळीकडे, आणि त्या पाल्याशिवाय पोपटीला तो वास येतच नाही.

हापूसबद्दल सांगते. थंडी चांगली पडली की जून झालेल्या काडीवर मोहोर येतो, म्हणून सगळे थंडीची वाट बघतात. पण ती फार लांबली की फळ धरलेल्या काडीवर पुन्हा मोहोर फुटतो, सगळं अन्न नवीन मोहोर ओढून घेतो आणि आधीची वाटाण्याएवढी फळं गळतात. पुनर्मोहोर म्हणतो आम्ही. त्यामुळे आमच्या बागायतदारांना थंडी हवी पण बेताची हवी.

समुद्रपक्षी (मुंबई, दादर) | ६ जानेवारी, रात्री ८:४१

वालपापडी ताई, पत्ता द्या, या रविवारीच येते.

बर्फातलीतुळस (शिकागो) | ७ जानेवारी, सकाळी ६:०५

सगळं वाचून घरची इतकी आठवण आली. इथे आत्ता उणे ११ आहे आणि अंगणात गुडघाभर बर्फ. तरी बाग चालू आहे म्हटलं तर विश्वास बसेल?

लसूण ऑक्टोबरमध्ये लावून ठेवलाय, वर वाळलेल्या पानांचा आणि गवताचा जाड थर. इथल्या कडक दांड्याच्या लसणाला थंडी लागतेच, ती मिळाली नाही तर गड्डा पाकळ्यांमध्ये नीट विभागत नाही, एकसंध गोळा राहतो. जमीन गोठते, वर बर्फ साचतो आणि मार्चअखेर त्यातून हिरवे कोंब वर येतात. बर्फ पडला की मला उलट बरं वाटतं, मुळांवर गोधडी घातल्यासारखंच आहे ते, उघडी जमीन आणि कोरडा गार वारा जास्त घातक. जानेवारी २०१९ मध्ये ओहेअर विमानतळावर उणे ३० च्या आसपास गेलं होतं, त्यानंतरही बर्फाखालची आयरिस आणि डेलिली उठून उभी राहिली.

दुसरं म्हणजे दुधाचे मोठे प्लास्टिकचे कॅन. ते मध्ये आडवे कापायचे, एका बाजूला जोड ठेवायचा, तळाला भोकं, आत माती आणि बी, चिकटपट्टीने बंद करून झाकण न लावता सरळ बर्फात ठेवायचे. इथल्या स्थानिक रानफुलांच्या पुष्कळ बियांना थंडीचे दोनतीन महिने गेल्याशिवाय उगवायचं कळतच नाही. एप्रिलमध्ये आपोआप रुजतात आणि ती रोपं घरात वाढवलेल्यांपेक्षा काटक असतात. टोमॅटो मिरची मात्र मे महिन्यातल्या मदर्स डेनंतरच बाहेर.

कढीपत्ता आणि तुळस सप्टेंबरच्या शेवटी, रात्री १० च्या खाली जायला लागल्या की घरात, दक्षिणेच्या खिडकीत. हीटरमुळे घरातली हवा कोरडी होते आणि कढीपत्त्यावर लाल कोळी होतो, पानांखाली बारीक जाळी दिसते. दर आठवड्याला कुंडी शॉवरखाली नेऊन पानं खालून धुते, बाकी काही फवारत नाही. इथल्या देशी दुकानात कढीपत्त्याची चिमूटभर पाकिटं मिळतात, त्यामुळे माझ्या या एका झाडावर तीन घरच्या फोडण्या चालतात आणि आम्ही सगळे त्याला फार जपतो.

भिलारची_लेक (पाचगणी) | ७ जानेवारी, दुपारी २:००

आमच्याकडे महाबळेश्वरच्या वेण्णा लेकच्या बाजूला परवा दव गोठलं. गाड्यांच्या टपावर, जेटीवर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर. पर्यटक फोटो काढतात, शेतकऱ्याचं काळीज हलतं. गावात तेवढी थंडी नसते, ती तलावाकडच्या आणि लिंगमळ्याच्या सखल भागात जास्त असते कारण गार हवा जड असते, उतारावरून खाली जाऊन तिथे साचते. स्ट्रॉबेरीचं झाड ही थंडी सोसतं, पण उमललेलं फूल नाही. फुलाचा मधला पिवळा भाग काळा पडला की त्याचं फळ होत नाही.

मातृरोपं कॅलिफोर्नियाहून येतात, पावसाळ्यात नर्सरीत त्यांचे धावरे (जमिनीवर पसरून मुळं धरणारे फुटवे) वाढवतात आणि सप्टेंबर ऑक्टोबरमध्ये शेतात लागण. विंटर डॉन, कॅमारोसा, स्वीट चार्ली ही नावं आमच्याकडच्या लहान मुलांनाही पाठ. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० पासून जीआय आहे.

इकडून रोपं घेऊन जाणाऱ्यांसाठी सांगते, गादी उंच ठेवा, झाडाचा मधला कोंब मातीत गाडू नका, फळ मातीला टेकू देऊ नका, खाली पेंढा किंवा वाळलेलं गवत पसरा. मार्चनंतर पुण्यात दुपारचं ऊन टाळा.

गच्चीवाली (पुणे) | ७ जानेवारी, संध्याकाळी ७:५०

काका!! बरोबर बोललात. कठड्यासमोर पालिकेने नवीन पांढरा एलईडी बसवलाय, रात्री वर जाऊन पाहिलं तर त्या कुंड्यांवर वाचता येईल इतका उजेड. मुलाला घेऊन सगळ्या कुंड्या टाकीमागे हलवल्या.

आणखी एक विचारते. फुललेल्या शेवंतीच्या शेंड्यावर काळा मावा भरलाय. आणि वाटाण्याच्या पानांवर पांढरी भुकटी.

हिरवेकाका (सातारा) | ७ जानेवारी, रात्री ९:०५

मावा असेल तर आधी पाण्याची जोरदार धार मारा, निम्मा तसाच जातो. मग लिटरला ५ मिली नीम ऑइल आणि थोडा साबण घालून उन्हं उतरल्यावर फवारा, आठवड्याने पुन्हा. फवारायच्या आधी लेडीबर्ड किंवा तिच्या काळपट, नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या दिसतात का बघा. दिसल्या तर ती कुंडी सोडून द्या, त्या मावाच खातात, आणि लोक त्या अळ्यांनाच कीड समजून चिरडतात याचं मला फार वाईट वाटतं.

पांढरी भुकटी म्हणजे भुरी. सुरुवात असेल तर एक वाटी दूध, नऊ वाट्या पाणी असं सकाळी फवारा. जास्त असेल तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम. गंधक आणि नीम ऑइल मात्र एकत्र किंवा पाठोपाठ कधीच मारू नका, पानं करपतात, मध्ये दोन आठवडे तरी जाऊ द्या.

संत्रानगरी दादा, पेरूचं पान थंडीने लाल होतं, मुळांना गारठ्यात स्फुरद (फॉस्फरस) उचलता येत नाही. ऊब आली की नवीन पान हिरवं येतं, काही करू नका.

झाकण्याबद्दल राहिलं होतं. प्लास्टिक थेट पानाला टेकलं तर तेवढं पान करपतं, म्हणून चार काठ्या रोवून त्यावर टाका आणि सकाळी काढाच, नाहीतर उन्हात आत उकडतं. सुती साडी किंवा गोणपाट बरं. कापड जमिनीपर्यंत आलं पाहिजे, जमिनीची ऊब अडवायची आहे, वर नुसती गाठ मारलेल्या साडीचा उपयोग नाही. पाणी दुपारच्या आत द्या, ओलसर माती दिवसाची उष्णता कोरड्या मातीपेक्षा जास्त साठवते.

वालपापडी (अलिबाग) | ८ जानेवारी, सकाळी १०:३०

संक्रांतीला यंदा वाण म्हणून मी रोपं देतेय, वांगी, मिरची आणि गवती चहाचे कोंब. आणि सुगडं कोणी टाकू नका, तळाला खिळ्याने हळूच भोक पाडलं की मेथी किंवा कोथिंबीर पेरायला एकदम छान होतात. कच्ची भाजलेली असतात त्यामुळे पाणी झिरपतं आणि मुळं सडत नाहीत.

गोदाकाठ (नाशिक) | ८ जानेवारी, दुपारी १२:१५

किती आणि काय काय कळलं! तुळशीला खरवडून बघितलं, वरचा वीतभर भाग गेलाय, खाली हिरवी आहे. भोगीच्या भाजीला यंदा गाजर, वाटाणा, पावटा, वांगी घरचीच, फक्त सोलाणे विकत आणावे लागणार.

प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास एम्प्रेस गार्डनला फुलांचं प्रदर्शन असतं, मी पुण्यात असेन. गच्चीवाली ताई, येताना शेवंतीचे मुनवे आणाल का? माझ्याकडून कॅलेंड्युला आणि फ्लॉक्सचं बी.

गच्चीवाली (पुणे) | ८ जानेवारी, दुपारी १:००

नक्की! पण मुनवे जानेवारीत नाही द्यायचे, फुलं संपल्यावर झाड खालून कापलं की जोमदार फुटतात, तेव्हा फेब्रुवारीअखेर देते. प्रदर्शनाला भेटू मात्र, बी घेऊन या.

संत्रानगरी (नागपूर) | ८ जानेवारी, दुपारी ४:४०

काका, शेवटचा प्रश्न. कुंडीतल्या लिंबाला पण संत्र्यासारखा ताण द्यायचा का? अन् मोगरा कधी छाटू?

हिरवेकाका (सातारा) | ८ जानेवारी, रात्री ८:३०

कुंडीतली माती शेतापेक्षा फार लवकर वाळते, तिथे महिनाभराचा ताण दिला तर झाड जाईल. पानं दुपारी किंचित मलूल दिसायला लागेपर्यंतच पाणी थांबवा, मग कडेची माती उकरून दोन मुठी शेणखत घाला आणि आधी थोडं, दोन दिवसांनी भरपूर असं पाणी द्या.

मोगरा तुमच्याकडे फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात. उरलेली पानं हाताने काढा, काड्या अर्ध्यावर छाटा, खत घाला आणि मगच पाणी सुरू करा. नागपूरला ऊन लवकर तापतं, त्यामुळे पुणे नाशिकवाल्यांपेक्षा आठवडाभर आधी केलंत तरी चालेल.